बाखचें ‘पॅशन’ आणि कीर्तनाचा कान

पाश्चात्त्य देवळांतील गायनाची ध्वनिमुद्रिका आपल्याकडील एखाद्या घरीं लावली असतां ऐकणारांपैकीं कोणी तरी लवकरच विचारतो कीं, हे सगळे एकदम गातात, तेव्हां ऐकावें तरी कोणाचें? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्याचा कान लहानपणापासून एका कंठाच्या गाण्यावर, तंबोऱ्याच्या एका षड्जावर आणि अभंगाच्या एका चालीवर वाढला, त्याच्या कानावर चार-चार, आठ-आठ निरनिराळ्या चाली एकाच वेळीं येऊं लागल्या म्हणजे त्यास गोंधळ वाटणें साहजिक आहे. या प्रश्नास आम्हांस सुचलेलें उत्तर विद्यार्थी वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं एकच कृति घेतली आहे. ती म्हणजे जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख यांचें ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. आमचें म्हणणें असें आहे कीं, ज्यानें मराठी कीर्तन मन लावून ऐकलें आहे, त्याच्या हातीं या कृतीची अर्धी किल्ली आधींच आलेली आहे.

आमचें राहणें चिपळूण तालुक्यांतील पोफळी येथें आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें हें गांव. पावसाळ्यांत सह्याद्रीवरून जे मेघ येथें उतरतात, ते जणूं मुक्कामासच येतात, आणि रात्रीं घराबाहेर पडण्याची सोय राहत नाहीं. अशा एका पावसाळ्यांत आम्हीं व शेजारच्या तीन-चार मंडळींनीं मिळून ही समग्र कृति पांच-सहा रात्रींत थोडी थोडी करून ऐकली. मुद्रिका १९५८ सालची, म्यूनिक शहरीं कार्ल रिख्टर यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेली. सर्व मिळून ती तीन तासांहून अधिक वेळ चालते. पुढें जें लिहिलें आहे तें बहुतांशीं त्या श्रवणाचें फळ होय.

प्रथम कर्त्याविषयीं थोडें सांगूं. बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजीं आयझेनाख येथें झाला आणि २८ जुलै १७५० रोजीं लाइप्झिग येथें ते निवर्तले. युरोपांतील सुमारें १६०० पासून १७५० पर्यंतच्या संगीतास बरोक संगीत म्हणतात. आपल्याकडील मापानें सांगावयाचें तर तुकोबांच्या जन्माच्या आसपासपासून मोरोपंतांच्या तारुण्यापर्यंतचा हा काल. १७२३ सालीं बाख लाइप्झिगच्या सेंट थॉमस देवळाशीं जोडलेल्या शाळेंत गायनाचे मुख्य शिक्षक झाले, आणि आयुष्याचीं शेवटचीं सत्तावीस वर्षें त्यांनीं तेथेंच घालविलीं. शाळेच्या वार्षिकांत ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्या कृतीस आज जगांतील श्रेष्ठ संगीतकृतींत गणतात, ती प्रथम गाणारांत शाळेंतील मुलांचा भरणा होता. त्या काळीं तेथील देवळांत स्त्रिया गात नसत. म्हणून उंच आवाजाचे सर्व भाग मुलेच म्हणत. घोकंपट्टी, गृहपाठ आणि थंडीचा खोकला यांमधून वेळ काढून त्या मुलांनीं हें अवघड गायन बसविलें असलें पाहिजे.

आतां ‘पॅशन’ म्हणजे काय तें पाहूं. येथें या शब्दाचा अर्थ दुःखसहन असा आहे. येशू ख्रिस्ताचें अखेरचें भोजन, अटक, चौकशी, क्रूसावरील मरण आणि दफन, एवढी कथा संगीतांत सांगणें म्हणजे पॅशन. गुड फ्रायडेच्या सायंकाळच्या उपासनेंत तें गाण्याची चाल लाइप्झिग येथें होती. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील २६ वा व २७ वा हे दोन अध्याय बाख यांनीं अक्षरशः घेतले, आणि त्यांच्या मधून मधून पिकांडर या टोपणनांवाच्या कवीचीं पदें व मंडळीच्या नित्य म्हणण्यांतील जुनीं स्तोत्रें गुंफलीं. हें पॅशन प्रथम १७२७ सालच्या गुड फ्रायडेस गाइलें गेलें असें अभ्यासक मानतात. कृतीचे दोन भाग आहेत, आणि त्या दोन भागांच्या मध्यें प्रवचन होत असे. पुढें १७३६ च्या सुमारास बाख यांनीं स्वहस्तें जी सुंदर प्रत केली, तींत शास्त्रवचनें तांबड्या शाईनें लिहिलीं आहेत. आपल्या जुन्या पोथ्यांत तांबड्या शाईचा जो मान असे, त्याचें येथें सहज स्मरण होतें.

वाचकहो, हा सांगाडा आपणांस अनोळखी वाटतो काय? आपल्या नारदीय कीर्तनाचेही पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. बुवा आख्यान सांगतात. एका ठिकाणीं प्रसंग रंगला कीं कथा थांबवून एखादें पद म्हणतात, आणि मग संतांचा एखादा सर्वपरिचित अभंग घेतात, कीं ज्यांत श्रोतेही आपला आवाज मिळवितात. कथा, पद, अभंग हे तीन धागे सतत एकमेकांत विणले जातात. कथा काय घडलें तें सांगते. तें ऐकून एका जिवास काय वाटलें, तें पदांत उमटतें. अभंगानें तोच भाव सर्वांचा होतो. बाखच्या पॅशनची रचनाही अशीच आहे. फरक एवढाच कीं, बुवा एकटे जीं सर्व कामें करतात, तीं येथें वेगवेगळ्या गायकांकडे वांटून दिलेलीं आहेत.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, ध्वनिमुद्रिका ऐकतांना चाल कोणती हें शोधण्याच्या आधीं बोलतो कोण हें ओळखावें. कथेकरी हा एक उंच पुरुषी आवाज आहे. तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आणि त्याच्या मागें वाद्यें अगदीं थोडीं असतात. येशूचा आवाज खर्जाकडील आहे, आणि तो बोलूं लागला म्हणजे त्याच्याभोंवतीं तंतुवाद्यांचे लांब, मंद स्वर उभे राहतात. मूर्तीच्या मागें चांदीची प्रभावळ असावी तसे ते भासतात. ही प्रभावळ एकदांच नाहींशी होते. क्रूसावरून, देवानें आपणांस कां सोडलें असें येशू विचारतो, त्या क्षणीं तीं वाद्यें मुकीं होतात, आणि तो शब्द एकटा, उघडा पडतो. कोणाही जाणत्यानें समजावून न देतां हें कानास कळतें. मात्र आधीं प्रभावळ ऐकलेली असली पाहिजे.

तिसरा प्रकार एकट्यादुकट्यानें म्हणावयाच्या पदांचा. पेत्र नांवाचा शिष्य घाबरून आपल्या गुरूची ओळख तीन वेळां नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि पेत्रास आपलें वर्तन उमजून तो रडतो. येथवर एका अक्षरास एक स्वर देत सरळ चाललेला कथेकरी या रडण्याच्या शब्दावर येतांच आवाज वळवीत, खेंचीत दूरवर जातो. लगेच एकच व्हायोलिन सुरू होतें, आणि मग स्त्रीच्या खालच्या पट्टींतील आवाजांत करुणा भाकणारें पद येतें. कथा तेथें बराच वेळ थबकते. कीर्तनाची संवय नसलेला श्रोता म्हणेल, आतां पुढें काय झालें तें कां सांगत नाहींत? कीर्तनाचा श्रोता असें विचारणार नाहीं. बुवांनीं पद धरलें कीं कथा थांबते, हें त्यास ठाऊक असतें.

चौथा प्रकार समूहाचा, आणि मुख्य अडचण येथेंच येते. बाख यांनीं या कृतींत दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद योजिले आहेत. प्रत्येक वृंदांत चार आवाज: स्त्रियांचे किंवा मुलांचे उंच व खालचे, आणि पुरुषांचे उंच व खालचे. आरंभींच्या विशाल गायनांत एक वृंद हांक मारतो, दुसरा मध्यें मध्यें आश्चर्यानें लहान लहान प्रश्न विचारतो, आणि या दोहोंच्या वर मुलांचा तिसराच समूह एक जुनें स्तोत्र संथपणें म्हणत राहतो. पहिल्या रात्रीं आमच्यापैकीं बहुतेकांची येथें धांदल उडाली.

यावर आम्हांस सांपडलेला उपाय पोफळीच्या पावसानेंच शिकविला. येथें रात्रीं दिवा मालवून पडलें असतां कौलांवरील पावसाचा एक आवाज येतो, पागोळ्यांचा दुसरा, अंगणांतील केळीच्या पानांचा तिसरा, आणि दूर वाहणाऱ्या पऱ्ह्याचा चौथा. मन सगळ्यांवर एकदम नेलें तर नुसता गजर ऐकूं येतो. परंतु एका पागोळीवर कान ठेवला कीं ती स्पष्ट होते, आणि नवल असें कीं, बाकीचे आवाज त्यायोगें नाहींसे न होतां तिच्याभोंवतीं आपापल्या जागीं बसतात. अनेक कंठांचें गायनही याच रीतीनें ऐकावें. पहिल्या खेपेस फक्त सर्वांत वरचा आवाज धरावा, दुसऱ्या खेपेस फक्त सर्वांत खालचा. तिसऱ्या खेपेस कांहींच धरूं नये.

खालच्या आवाजाविषयीं आणखी एक शब्द सांगितला पाहिजे. बरोक संगीतांत जवळजवळ सर्वत्र खर्जाची एक ओळ अखंड चालूं असते. ती बहुधा ऑर्गन आणि चेलो यांकडे असते. आपला तंबोरा एका ठिकाणीं बसून राहतो, ही ओळ मात्र चालते, आणि वरचे सर्व आवाज तिच्या पावलांवर आपलीं पावलें टाकतात. गायन ऐकतांना तिच्याकडे लक्ष जात नाहीं, परंतु ती थांबली तर पायाखालची जमीन सरकल्यासारखें वाटतें. बाख यांनीं ती एका ठिकाणीं मुद्दाम थांबविली आहे. तें ठिकाण पुढें येईल.

आतां आम्ही या लेखाच्या गाभ्याकडे येतों. भोजनाच्या वेळीं येशू शिष्यांस सांगतो कीं, तुमच्यापैकीं एक जण मला धरून देईल. शिष्य कासावीस होतात, आणि तो मी तर नव्हे ना, असें जो तो विचारूं लागतो. गायकवृंद हा प्रश्न भराभर, एकमेकांवर आदळत विचारतो. कोणी मोजून पाहिलें तर प्रश्न अकरा वेळां येतो. शिष्य बारा, आणि बारावा यहूदा. त्यानें अजून विचारलेलें नाहीं. शुभवर्तमानांत यानंतर येशूचें उत्तर आहे. परंतु बाख तें उत्तर लगेच येऊं देत नाहींत. प्रश्न संपतांच तोच गायकवृंद मंडळीच्या ओळखीच्या चालींत एक स्तोत्र म्हणतो. त्याचा भावार्थ असा कीं, तो मीच आहें. शिक्षा व्हावयाची ती मला व्हावयास पाहिजे होती.

हा प्रसंग आम्हीं लागोपाठ दोनदां लाविला. आमच्यांत शेजारचे तात्या होते. भजनीमंडळांत त्यांचे हातीं टाळ असतो, आणि जर्मन भाषेचा त्यांस गंध नाहीं. त्यांनीं विचारलें, “हे मघांचेच गाणारे ना हो?” आम्हीं म्हटलें, “होय तात्या, तेच. मघां ते शिष्य होते. पुढें हेच क्रूसावर द्या म्हणून ओरडणार आहेत.” तात्या क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरोबर आहे. गांव एकच असतो. दिवसां भांडतो नि रात्रीं भजनाला बसतो.”

पुस्तकें वाचून आम्हांस जें इतक्या थोडक्यांत सांगतां आलें नसतें, तें त्यांनीं सांगितलें. पॅशनमध्यें गायकवृंदास एकच ठराविक सोंग नाहीं. तोच भ्यालेले शिष्य होतो, तोच चवताळलेला जमाव होतो, तोच पश्चात्ताप करणारी मंडळी होतो. आपल्या रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांत मागें उभे राहून झील धरणारी मंडळी जशी क्षणांत गोकुळची आणि क्षणांत दरबारची होतात, तसेंच हें. नमनांत त्यामुळें मौज येते, येथें मात्र छातींत धस्स होतें.

जमावाचे प्रसंग याच दृष्टीनें ऐकावे. कैद्यांपैकीं कोणास सोडूं, असें पिलात विचारतो, तेव्हां दोन्हीं वृंद एकाच आघातानें बरब्बाचें नांव घेतात. एकच कर्कश स्वरमेळ, आणि बस. पुढें जमाव क्रूसाची मागणी करतो, ती एका आवाजांतून दुसऱ्यांत वणव्यासारखी पसरत जाते. पिलात विचारतो, यानें वाईट काय केलें? जमावानें उत्तर द्यावयाचें, त्याऐवजीं एक स्त्रीकंठ उत्तर देतो. यानें आंधळ्यांस दृष्टि दिली, लंगड्यांस चालविलें, असें सांगून तो एक पद म्हणतो: केवळ प्रेमास्तव हा मरण पत्करीत आहे. या पदांत एक बासरी आणि दोन जुन्या धाटणीचीं ओबो वाद्यें एवढीच साथ आहे. जिच्याविषयीं आम्हीं वर सांगितलें, ती खर्जाची अखंड ओळ येथें नाहीं. जगाचा न्याय ज्या पायावर उभा असतो तो पायाच काढून घेतला, आणि एक निरपराध आवाज अधांतरीं राहिला, असा भास होतो. पद संपतें, आणि जमाव तीच मागणी पुन्हां करतो. चाल तीच, शब्द तेच, पण या खेपेस सर्व एक स्वर उंच. दया ऐकून घेऊनही जमावाचें मन वळलें नाहीं, उलट तो अधिक चढला, हें बाख यांनीं एका अक्षराचीही भर न घालतां दाखविलें.

येथें एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. या कथेंतील जमावाचा दोष समग्र ज्यू लोकांवर लादून युरोपांत शतकानुशतकें त्यांचा छळ करण्यांत आला. पॅशनची एक प्रसिद्ध मुद्रिका २ एप्रिल १९३९ रोजीं ॲमस्टरडॅम येथें विलेम मेंगेलबर्ग यांच्या मैफलींत घेतलेली आहे. त्यानंतर पांच महिन्यांनीं महायुद्ध सुरू झालें, आणि त्याच्या अखेरीपर्यंत नेदरलंड्समधील ज्यूंपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश मारले गेले. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवतां येत नाहीं, असें रोमन कॅथलिक धर्मसभेनें १९६५ सालीं स्पष्ट जाहीर केलें. आणि हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे कीं, बाखच्या निधनानंतर विस्मृतींत पडलेलें हें पॅशन ११ मार्च १८२९ रोजीं बर्लिन येथें पुन्हां लोकांपुढें आणणारा वीस वर्षांचा तरुण, फेलिक्स मेंडेलसोन, जन्मानें ज्यू कुळांतील होता.

कोंकणच्या वाचकास तर या बाबतींत चुकण्याचें कारणच नाहीं. ज्यू म्हटला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें कथेंतील कोणी दुष्ट येत नाहीं, अष्टागराकडील बेने इस्रायल शेजारी येतो. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्रायल देशीं गेले, परंतु तत्पूर्वीं, १८८० च्या सुमारास, त्यांनीं आपल्या धर्मग्रंथांतील आब्राहाम-योसेफांच्या कथांवर मराठी कीर्तनें सुरू केलीं होतीं. तिकडे अहमदनगर, म्हणजे सध्यांचें अहिल्यानगर, येथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रूढ केली. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत १८६१ सालीं जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनींही कीर्तन आणि अभंग हीं साधनें आपलींशीं केलीं. त्याहीपूर्वीं, १६१६ सालीं, गोव्यांतील इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यांनीं बायबलची कथा मराठींत आणली. येशूचें दुःखसहन तेथें एका कंठानें म्हणावयाच्या ओवींत आहे. एका शतकानंतर बाख यांनीं तेंच दोन वृंदांच्या आठ आवाजांत मांडलें. हे दोन मार्ग निराळे खरे, पण कथा गाऊन सांगितली म्हणजे ती ऐकणाराची होते, हा विश्वास दोहोंचा एकच आहे.

चालींच्या बाबतींतही दोन्हीं परंपरांत एक साम्य आहे. पॅशनमध्यें एक स्तोत्राची चाल पांच वेळां येते. ती मूळची हान्स लेओ हास्लर यांच्या १६०१ सालच्या एका प्रेमगीताची. पुढें ती देवळांत आली, आणि शोकाची म्हणूनच ओळखली जाऊं लागली. आपले कीर्तनकारही लावणीची किंवा नाटकांतील पदाची चाल उचलून तींत भक्तीचे शब्द भरतात. बाख दर वेळीं ती चाल तीच ठेवतात, परंतु तिच्याखालचे स्वर पालटतात, आणि येशूच्या मरणानंतर ती अखेरची येते तेव्हां ते अगदीं काळोखे झालेले असतात. पोफळीच्या रहिवाशास याचें एक उदाहरण घरचेंच आहे. कोयनेचें पाणी बोगद्यांतून येऊन येथील डोंगराच्या पोटांतील वीजघरांत उतरतें. १९६२ सालापासून येथें वीज निघूं लागली, आणि आज तेथें आठ जनित्रें आहेत. तेंच पाणी पुढें कोळकेवाडीच्या जलाशयांत जाऊन खालच्या टप्प्यावर पुन्हां वीज देतें, आणि मग वाशिष्ठीस मिळतें. पाणी एकच, पण ज्या उंचीवरून तें पडेल त्याप्रमाणें त्याचें बल निराळें. एका चालीचें तसेंच असतें.

ध्वनिमुद्रिकेनें या श्रवणांत काय दिलें आणि काय नेलें, हेंही सांगितलें पाहिजे. जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटांचें गायन मावे. आपल्याकडील थोर खांसाहेबांचे ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेले आपण ऐकतों, ते याच कारणानें. एवढें पॅशन त्या तबकड्यांवर ऐकावयाचें म्हणजे दर प्रसंगास उठून बाजू पालटणें आलें. १९४८ सालीं लांब चालणारी तबकडी निघाली, तेव्हां हा अडथळा पुष्कळ कमी झाला, आणि आतां तर समग्र कृति खिशांतील यंत्रावर अखंड ऐकतां येते. मुद्रिकेचा मोठा लाभ हा कीं, तोच प्रसंग हवा तितक्या वेळां ऐकतां येतो. ही सोय बाखच्या मुलांस नव्हती. परंतु देवळांत बसलेल्या माणसास स्तोत्राच्या वेळीं आपल्या शेजारीं, आपल्याच बाकावर बसलेलीं माणसें दिसत असत. यंत्रासमोर एकटा बसलेला श्रोता त्या मंडळीस मुकतो. म्हणून ही कृति शक्य तों चार जणांनीं मिळून ऐकावी असें आम्हांस वाटतें. समूहगायन समक्ष ऐकण्याची संधि आली तर तीही दवडूं नये. मुंबईंत व्हिक्टर परंज्योती यांनीं १९५६ सालीं स्थापिलेल्या परंज्योती अकॅडमी कोरसनें अनेक कंठांच्या गायनाची आवड लाविली, आणि परंज्योतींच्या मागें कुमी वाडिया यांनीं त्या वृंदाची धुरा दीर्घकाल वाहिली. अशा गायनांत चार आवाज चार दिशांनीं येतांना प्रत्यक्ष दिसतात, आणि कानाचें अर्धें काम डोळे करतात.

नवीन श्रोत्यासाठीं कांहीं सूचना करून हा विस्तार आवरता घेतों. आधीं मत्तयाचे ते दोन अध्याय मराठींत सावकाश वाचावे. कथा ठाऊक असली कीं परकी भाषा फारशी आड येत नाहीं. पहिल्या दिवशीं सर्व ऐकण्याचा हट्ट धरूं नये. भोजनाचा प्रसंग, अकरा प्रश्न आणि त्यावरील स्तोत्र एवढेंच ऐकावें, तेंही दोनदां. दुसऱ्या दिवशीं पेत्राचें रडणें व व्हायोलिनचें पद घ्यावें. तिसऱ्या दिवशीं पिलातापुढील जमाव, मधलें खर्जावांचूनचें पद आणि पुन्हां जमाव. आरंभींचें विशाल गायन त्यानंतर ऐकावें, म्हणजे तें अंगावर न येतां समोर उघडतें. अखेरचें समूहगायन रात्रीं, दुसरें कांहींही काम हातीं न घेतां ऐकावें. तेथें थकलेलें मूल निजवावें अशा मंद डोलांत दोन्हीं वृंद कबरेजवळ बसून निरोप घेतात. ज्या कंठांनीं मघां मरण मागितलें, तेच कंठ आतां अंगाई म्हणतात.

ही कृति ऐकण्यास श्रोता कोणत्या धर्माचा असावा, असा प्रश्न आम्हांस कोणी केला तर आम्ही म्हणूं कीं, ज्यानें कधीं दहा जणांत मिसळून एखाद्या दुबळ्याविरुद्ध आवाज चढविला असेल, आणि मागाहून एकांतांत ज्यास त्याची लाज वाटली असेल, तो याचा अधिकारी श्रोता होय. शाळेच्या पटांगणांत, गांवच्या सभेंत, बाजारांत अशा जमावांत उभे राहण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. तेव्हां दोष देण्यास समोर कोणी तरी नेहमींच सांपडतो. अकरा आवाज विचारतात, तो मी तर नव्हे ना? आपण श्रोत्यांत बसलेलों असतों. बाख क्षणभरही न थांबतां पुढचें स्तोत्र सुरू करतात, आणि तें म्हणणारांत आपला आवाज मिळवावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.